क्यूजीआयएसमध्ये पॅनेल गायब होणं, सुटं राहणं, जागेवर न बसणं: कारणं आणि उपाय

क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे बनवण्याचा प्रोग्रॅम. त्यातल्या पॅनेलबद्दलच्या, म्हणजे नकाशाभोवती बसणाऱ्या छोट्या खिडक्यांबद्दलच्या तक्रारी साधारण ठरलेल्या असतात. काल डावीकडे असलेलं लेयर्स, म्हणजे नकाशाच्या थरांच्या यादीचं पॅनेल आज नाही. थरांचे रंग-रूप ठरवणारं लेयर स्टायलिंग नकाशाच्या मधोमध तरंगतंय आणि कडेला नेलं तरी चिकटत नाही. प्रोसेसिंग टूलबॉक्स एकदा उघडला, तेव्हापासून उजवा कॉलम अरुंदच होत नाही. किंवा सगळं मनासारखं लावून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मांडणी पुन्हा जुनीच.

अशा वेळी बरेच जण थेट रीसेट करतात आणि काही जण तर क्यूजीआयएस काढून नव्याने टाकतात. नव्याने टाकण्याचा काहीच उपयोग होत नाही. पॅनेलच्या मांडणीची नोंद युजर प्रोफाइलच्या, म्हणजे तुमच्या सेटिंग्ज जिथे राहतात त्या फोल्डरमध्ये असते आणि अनइन्स्टॉल करताना त्या फोल्डरला हात लागत नाही, त्यामुळे नवं क्यूजीआयएस जुनीच बिघडलेली मांडणी उचलतं. रीसेटने काम होतं, पण त्यात नीट बसवलेले टूलबारही जातात. आधी पॅनेल नेमकं कुठल्या अवस्थेत आहे ते ओळखलं तर रीसेटची वेळ क्वचितच येते.

खालची माहिती ३.० नंतरच्या, म्हणजे ३ च्या मालिकेतल्या आवृत्त्यांची आहे. मेनूंची नावं इंग्रजी इंटरफेसमधली आणि कीज विंडोजवरच्या आहेत.

सुरुवात पॅनेलच्या यादीपासून

व्ह्यू मेनूतलं पॅनेल्स उघडा. टूलबारच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक केलं तरी तीच यादी येते, वर पॅनेल्स आणि खाली टूलबार. आता हरवलेल्या पॅनेलच्या नावापुढे टिक आहे का ते बघा. पुढचं सगळं या एका टिकवर ठरतं.

टिक नसेल तर पॅनेल फक्त बंद आहे. कोपऱ्यातल्या फुलीवर चुकून क्लिक झालं की असं होतं. नावावर क्लिक करा, येईल. रोज लागणाऱ्या पॅनेलच्या कीज लक्षात ठेवाव्यात: लेयर्ससाठी कंट्रोल + १, ब्राउझरसाठी कंट्रोल + २, लेयर स्टायलिंगसाठी एफ७, प्रोसेसिंग टूलबॉक्ससाठी कंट्रोल + ऑल्ट + टी.

टिक आहे पण पॅनेल दिसत नाही, ही खरी फसवी अवस्था. अशा वेळी यादीतल्या नावावर क्लिक करू नका. पॅनेल उघडंच असल्यामुळे त्या क्लिकने ते बंद होईल आणि गोंधळ वाढेल. ते तीनपैकी एका ठिकाणी सापडतं. पहिली शक्यता, दुसऱ्या पॅनेलच्या मागे टॅब होऊन बसलेलं असतं. कॉलमच्या तळाशी बारीक टॅब दिसतात का ते बघा. कॉलम अरुंद असेल तर टॅबवरची नावं तुटक दिसतात आणि शेवटी छोटे बाण येतात, त्या बाणांनी पुढे सरका. दुसरी, ते चेपून अगदी बारीक पट्टी झालेलं असतं. दोन पॅनेलच्या मधल्या रेषेवर माउस नेला की दुहेरी बाण येतो, तो धरून ओढा. तिसरी, ते सुटं होऊन दुसऱ्या मॉनिटरवर किंवा स्क्रीनच्या हद्दीबाहेर गेलेलं असतं. त्याबद्दल पुढे सविस्तर.

यादीत एकाही पॅनेलपुढे टिक नसेल तर कारण जवळपास नक्की: कंट्रोल + टॅब. ब्राउझरमध्ये टॅब बदलायची सवय बोटांत असते, आणि क्यूजीआयएसमध्ये हीच जोडी सगळी पॅनेल्स एकदम लपवते. पुन्हा कंट्रोल + टॅब दाबा, सगळी परत येतात. पॅनेल्स लपलेली असताना क्यूजीआयएस बंद केलं तर पुढच्या वेळी उघडल्यावरही ती लपलेलीच असतात, म्हणून अनेकांना हा बिघाड वाटतो. याचीच थोरली बहीण कंट्रोल + शिफ्ट + टॅब. ती पॅनेल्ससोबत टूलबार, मेनू आणि खालचा स्टेटस बारही लपवते, पडद्यावर फक्त नकाशा उरतो. मेनूच नसल्यामुळे माउसने परतायची वाट नसते, तीच जोडी पुन्हा दाबायची. सोबत एफ११ दाबलं गेलं असेल तर खिडकीची चौकटही जाते, तेव्हा एफ११ सुद्धा एकदा दाबून बघा.

पॅनेलचं नावच यादीत नसेल तर दोन गोष्टी तपासा. ते पॅनेल एखाद्या प्लगइनचं, म्हणजे क्यूजीआयएसला जोडलेल्या पूरक भागाचं असेल तर तो प्लगइन चालू आहे का? प्रोसेसिंग टूलबॉक्ससुद्धा प्लगइनमधूनच येतो; प्लगइन मॅनेजरमध्ये प्रोसेसिंगपुढची टिक गेली की टूलबॉक्स आणि प्रोसेसिंगचा मेनू दोन्ही जातात. दुसरं, सेटिंग्जमधलं इंटरफेस कस्टमायझेशन उघडा. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा कार्यालयात कुणी तिथे नको असलेली पॅनेल्स काढून ठेवलेली असतात. वरची ‘एनेबल कस्टमायझेशन’ची टिक काढा आणि क्यूजीआयएस बंद करून उघडा.

सुटं पॅनेल जागेवर बसत नाही

पॅनेल सुटं होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण टायटल बारवर पडलेला डबल क्लिक. उपायही तोच: टायटल बारवर पुन्हा डबल क्लिक करा, पॅनेल आधीच्या जागी परत जातं. ओढाओढ करण्याआधी नेहमी हे करून बघावं.

नव्या जागी बसवायचं असेल तर ओढावं लागतं आणि तिथे एक बारकावा आहे. क्यूजीआयएस पॅनेलची कड कुठे आहे ते बघत नाही, माउसचा बाण कुठे आहे ते बघतं. रुंद पॅनेल मध्यावर धरून डावीकडे सरकवलं तर त्याची डावी कड खिडकीच्या कडेला टेकते, पण बाण अजून नकाशाच्या आतच असतो. म्हणून काही घडत नाही. टायटल बार ज्या बाजूला न्यायचा त्याच टोकाजवळ धरा, आणि पॅनेल खिडकीबाहेर गेलं तरी चालेल, पण बाण क्यूजीआयएसच्या खिडकीच्या आतल्या कडेशी न्या. आता माउसचं बटण दाबलेलंच ठेवून क्षणभर थांबा. नकाशा आत सरकतो, कडेला रंगीत आयत उमटतो. तो आयत म्हणजे पॅनेलची होणारी जागा. तो दिसल्यावरच बटण सोडा. आधी सोडलं तर पॅनेल तिथेच तरंगत राहतं.

कॉलममध्ये आधीच पॅनेल असेल तर बाण त्याच्या कुठल्या भागावर आहे यावर निकाल ठरतो. वरच्या भागावर नेला तर नवं पॅनेल त्याच्या वर बसतं, खालच्या भागावर नेला तर खाली. मधोमध नेला तर रंगीत आयत अख्ख्या पॅनेलवर पसरतो आणि सोडल्यावर दोन्ही टॅब होऊन एकाच जागेत बसतात. ‘खाली ठेवायचं होतं, मागे जाऊन बसलं’ असं म्हणतात ते यामुळे.

टॅबमध्ये बसलेली पॅनेल्स वेगळी करताना टायटल बार ओढला तर गटातली सगळी एकत्र बाहेर येतात. एकच हवं असेल तर त्याच्या खालच्या टॅबला धरून ओढा.

काही पॅनेल्सना काही कडा बंद असतात. लेयर्स पॅनेल फक्त डावीकडे किंवा उजवीकडे बसतं. वर किंवा खाली कितीही वेळ धरून ठेवलं तरी आयत उमटणार नाही. हा दोष नाही, ते तसंच बनवलं आहे. उंच आणि अरुंद यादीला आडव्या पट्टीत अर्थ नाही, आणि हे बंधन योग्यच आहे.

उलट गरज असेल, म्हणजे पॅनेल सुटंच हवंय पण हलवताना सारखं कडेला चिकटायला धावतंय, तर आधी कंट्रोल दाबा, मग टायटल बार धरा आणि ओढा. कंट्रोल नंतर दाबून उपयोग होत नाही.

लिनक्सवर वेलँड सत्रात (वेलँड आणि एक्स११ या तिथे खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या दोन व्यवस्था) चालणाऱ्या क्यूजीआयएसमध्ये सुटं झालेलं पॅनेल ओढून परत बसवणं जमत नाही, कारण वेलँडमध्ये प्रोग्रॅमला आपली खिडकी पडद्यावर नेमकी कुठे आहे हेच कळू दिलं जात नाही. तिथे डबल क्लिकचा मार्ग चालतो. कायमचा इलाज हवा असेल तर लॉगिनच्या वेळी एक्स११ सत्राचा पर्याय असेल तर तो निवडा, किंवा क्यूटीचा (क्यूजीआयएसच्या खिडक्या ज्यावर बांधल्या आहेत त्या लायब्ररीचा) प्लॅटफॉर्म ‘एक्ससीबी’ ठेवून क्यूजीआयएस सुरू करा.

कॉलम अरुंद होत नाही, खिडकी पडद्यात मावत नाही

ही तक्रार १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर जास्त येते, आणि अशा लॅपटॉपवर अजूनही भरपूर काम चालतं. प्रत्येक पॅनेलला स्वतःची किमान रुंदी आणि किमान उंची असते. त्यातल्या बटणांवर, रकान्यांवर, अक्षरांच्या आकारावर ती ठरते. त्याखाली ते दबत नाही.

टॅबच्या गटात सगळ्यात रुंद पॅनेलची किमान रुंदी सगळ्यांवर लादली जाते. समोर लेयर्स दिसतंय, त्याला फार जागा लागत नाही, पण मागच्या टॅबमध्ये लेयर स्टायलिंग उघडं असेल तर कॉलम त्याच्या मापाखाली जाणार नाही. दिसत नसलेलं पॅनेल जागा अडवतं, म्हणून कारण लक्षात येत नाही. मागचे टॅब एकेक बंद करून बघा. ज्याच्या बंद होण्याने रेषा मोकळी सरकायला लागते तोच दोषी. त्याला दुसऱ्या बाजूच्या कॉलममध्ये न्या किंवा सुटं ठेवा.

उंचीचं गणित वेगळं आहे. एकाखाली एक ठेवलेल्या पॅनेलच्या किमान उंचींची बेरीज होते. ब्राउझर, लेयर्स, त्याखाली ओव्हरव्ह्यू, त्याखाली स्टॅटिस्टिक्स असा मनोरा रचला की बेरीज पडद्याच्या उंचीपलीकडे जाते. मग क्यूजीआयएसची खिडकीच तेवढी उंच होते आणि खालचा स्टेटस बार, म्हणजे निर्देशांक, स्केल आणि सीआरएसचं (नकाशाच्या निर्देशांक पद्धतीचं) बटण, टास्कबारच्या मागे जातो. खिडकी मॅक्सिमाइझ करूनही फरक पडत नाही. अशा वेळी पॅनेल्स एकाखाली एक न ठेवता टॅबमध्ये घाला. टॅबमध्ये उंचींची बेरीज होत नाही, सगळ्यात उंच पॅनेलपुरतीच जागा लागते. लहान पडद्यावर डावीकडे ब्राउझर आणि लेयर्स यांचा एक गट, उजवीकडे लेयर स्टायलिंग आणि प्रोसेसिंग टूलबॉक्स यांचा दुसरा गट, आणि बाकी सगळं बंद, एवढ्यावर बहुतेक काम आरामात होतं.

अजून जागा हवी असेल तर सेटिंग्ज, ऑप्शन्स, जनरलमध्ये आयकॉनचा आकार २४ वरून १६ करा. टूलबारच्या ओळी कमी होतात. तिथेच अक्षरांचा आकार वाढवलेला असेल तर तो कमी केल्यावर पॅनेलची किमान रुंदीही उतरते. नकाशे डिजिटाइझ करणाऱ्यांनी, म्हणजे नकाशावरच्या आकृत्या संगणकावर गिरवणाऱ्यांनी, न लागणारे टूलबारही यादीतून बंद ठेवावेत; टूलबारच्या शेवटी दुहेरी बाण दिसायला लागला की समजावं, काही बटणं त्यामागे दडली आहेत.

दुसरा मॉनिटर काढल्यावर

कार्यालयात दोन पडदे, घरी फक्त लॅपटॉप. लेयर स्टायलिंग दुसऱ्या पडद्यावर सुटं ठेवलेलं होतं, तार काढली, घरी आल्यावर पॅनेल नाही. यादीत टिक मात्र आहे.

पहिला उपाय साधा: क्यूजीआयएस नीट बंद करून पुन्हा उघडा. उघडताना सुट्या पॅनेलची जागा सध्याच्या पडद्याच्या हद्दीत आणली जाते, बहुतेक वेळा तेवढ्याने ते दिसायला लागतं. लगेच त्याच्या टायटल बारवर डबल क्लिक करून ते बसवून टाका. तरीही आलं नाही तर विंडोज + पी दाबून कुठला पर्याय चालू आहे ते बघा. प्रोजेक्टर काढल्यावरही काही वेळा ‘एक्स्टेंड’ चालूच राहतं आणि विंडोजला नसलेला पडदा आहे असं वाटत राहतं. ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडा. पडदा जोडलेलाच असेल आणि पॅनेल तिकडून इकडे आणायचं असेल, तर पॅनेलवर एकदा क्लिक करून विंडोज + शिफ्ट + डावा किंवा उजवा बाण दाबा.

ॲट्रिब्यूट टेबल, म्हणजे लेयरमधल्या माहितीचा तक्ता, असं हरवलं तर ते सोपं आहे, कारण ती साधी स्वतंत्र खिडकी असते. ती निवडून ऑल्ट + स्पेस, मग एम, मग कुठलाही बाण एकदा दाबा; खिडकी माउसला चिकटते, हवी तिथे आणून क्लिक करा. टेबल सुटं नकोच असेल तर टेबलाच्या टूलबारवर डॉक करण्याचं, म्हणजे मुख्य खिडकीत बसवण्याचं बटण आहे, ते दाबलं की टेबल नकाशाच्या खाली बसतं. प्रत्येक वेळी तसंच उघडायला हवं असेल तर ऑप्शन्सच्या डेटा सोर्सेस पानावर नवी टेबलं डॉक करून उघडण्याची टिक द्या. तालुक्यांच्या लेयरच्या टेबलात एखादी ओळ निवडली की ती नकाशावर लगेच पिवळी दिसते. टेबल खाली बसलेलं असेल तर हे एका नजरेत दिसतं, सुटं असेल तर टेबल नेमकं तोच तालुका झाकून ठेवतं. एकच लहान पडदा असेल तर मात्र टेबल सुटंच बरं, नाहीतर नकाशासाठी चार बोटं जागा उरते.

मांडणी जतन होत नाही

पॅनेलची मांडणी क्यूजीआयएस बंद होताना लिहिली जाते. मध्ये कधीही नाही. म्हणून लाइट गेली, क्यूजीआयएस अडकलं आणि टास्क मॅनेजरमधून मारावं लागलं, किंवा मोठा रास्टर (उपग्रहचित्रासारखी चित्ररूप फाइल) उघडताना ते कोसळलं, तर त्या बैठकीत केलेली सगळी मांडणी गेली. मांडणी मनासारखी झाली की कामाला लागण्याआधी एकदा क्यूजीआयएस फाइल मेनूतून बंद करून पुन्हा उघडा. एवढ्याने ती पक्की होते.

दुसरं कारण फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही: एकाच वेळी दोन क्यूजीआयएस उघडी असणं. दोन्ही एकाच प्रोफाइलमध्ये लिहितात, जे शेवटी बंद होईल त्याचीच मांडणी उरते. एका खिडकीत सगळं नीट लावलं, ती बंद केली, मग मागे पडलेली जुनी खिडकी बंद केली की जुनी मांडणी नव्यावर लिहिली जाते. मांडणी बदलताना एकच क्यूजीआयएस उघडं ठेवा.

लॅबच्या संगणकांवर रीस्टार्टनंतर सगळं पूर्ववत करणारी सोय बसवलेली असेल तर प्रोफाइलही पुसलं जातं. तिथे लॅब सांभाळणाऱ्यांकडूनच मूळ मांडणी बदलून घ्यावी लागते.

प्रोजेक्ट फाइलमध्ये पॅनेलची मांडणी नसते, त्यामुळे सहकाऱ्याला प्रोजेक्ट पाठवून आपली मांडणी त्याच्याकडे जात नाही. अपवाद कंट्रोल + एमने उघडलेल्या जादा नकाशांच्या खिडक्यांचा. त्या प्रोजेक्टसोबत जतन होतात. एखादा प्रोजेक्ट उघडला की दर वेळी नको असलेली नकाशाची खिडकी समोर येत असेल, तर ती बंद करून प्रोजेक्ट सेव्ह करा.

रीसेट, आणि त्याहून चांगला मार्ग

वरचं सगळं करूनही पॅनेल सापडलं नाही तर सेटिंग्ज, ऑप्शन्स, सिस्टिममध्ये युजर इंटरफेस मूळ स्थितीत आणण्याचं बटण आहे. ते दाबा, क्यूजीआयएस बंद करून उघडा. पॅनेल्स आणि टूलबार पहिल्या दिवसासारखे होतात. प्लगइन, डेटाबेसची कनेक्शन्स आणि प्रोजेक्ट फाइल्स यांना धक्का लागत नाही.

नुसती शंका तपासायची असेल तर रीसेटही नको. सेटिंग्जमधल्या युजर प्रोफाइल्समधून नवं प्रोफाइल तयार करा. त्या कोऱ्या प्रोफाइलमध्ये पॅनेल नीट वागत असेल तर दोष जुन्या प्रोफाइलच्या मांडणीत आहे. तिथेही तोच त्रास होत असेल तर पडद्याचं स्केलिंग, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा लिनक्सवरचं वेलँड यांच्याकडे वळा.

प्रोफाइलचा रोजचा उपयोगही आहे. क्यूजीआयएसमध्ये मांडणीला नाव देऊन जतन करण्याची वेगळी सोय नाही, पण २०१८ साली ३.० सोबत आलेली प्रोफाइल्स तेच काम करतात, कारण प्रत्येक प्रोफाइलची मांडणी स्वतंत्र असते. कार्यालयातल्या दोन पडद्यांसाठी एक, लॅपटॉपसाठी एक. नवं प्रोफाइल कोरं असल्यामुळे प्लगइन पुन्हा टाकावे लागतात. ते टाळायचं तर युजर प्रोफाइल्समधून चालू प्रोफाइलचा फोल्डर उघडा, क्यूजीआयएस बंद करा, एक पायरी वर जाऊन त्या फोल्डरची प्रत काढा आणि तिला नवं नाव द्या. पुढच्या वेळी ते नाव प्रोफाइलच्या यादीत दिसेल, प्लगइन आणि मांडणीसकट. दोन्ही प्रोफाइलमध्ये आपापल्या पडद्यांप्रमाणे पॅनेल्स लावा आणि प्रत्येकातून एकदा नीट बाहेर पडा.

हाच फोल्डर दुसऱ्या कुणाला देण्याआधी मात्र आत डेटाबेसचे पासवर्ड जतन केलेले नाहीत ना, ते तपासा. कनेक्शन बनवताना पासवर्ड ‘स्टोअर’ केलेला असेल तर तो सेटिंग्जच्या फाइलमध्ये साध्या मजकुरात पडलेला असतो आणि प्रत उघडणाऱ्या कुणालाही वाचता येतो.